बदलीवाल्यांची खोली

बालीगंजच्या आमच्या घरात जिन्यालगत एक खोली आहे. तिला आम्ही अजूनही बदलीवाल्यांची खोली म्हणतो. माझे वडील कलकत्त्यात जन्मले आणि कलकत्त्यातच गेले. पुण्याला गेले तर दोन दिवसांत त्यांना करमेनासं व्हायचं. पण तिकडून कुणी मराठी माणूस बदली होऊन इथे आला, बँकेत म्हणा, रेल्वेत म्हणा, कस्टममध्ये म्हणा, की त्याला क्वार्टर मिळेपर्यंत आपल्याकडे उतरवून घ्यायचा हा त्यांचा नेम होता. तो त्यांच्या वडिलांचाही होता. माणसं यायची ती कुकर, लोणच्याच्या बरण्या आणि रडवेली पोरं घेऊन. आई त्यांना साबुदाणा कुठल्या दुकानात मिळतो ते सांगायची, भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं बंगाली शिकवायची आणि रोज संध्याकाळी एखाद्या नवख्या बाईची समजूत काढायची. मग कधीतरी त्यांना डमडमकडे जागा मिळायची, टेम्पो यायचा, आणि आम्ही भावंडं त्या खोलीत पुन्हा कॅरम मांडायचो.

"थोडे दिवस येऊ का?" असं कुणी विचारलं तर "विचारता काय, या" हे एकच उत्तर आमच्या घराला ठाऊक होतं. मला त्या खोलीचा लहानपणापासून राग. माझ्या परीक्षा आल्या की हमखास कुणाचं तरी पोर माझ्या वह्यांवर रेघोट्या मारत असायचं. तक्रार केली की आई म्हणायची, "आपण आलो तेव्हा आपल्यालाही कुणीतरी उतरवून घेतलंच ना." आम्ही कुठे आलो होतो? आले होते आमचे पणजोबा. पण आई स्वतः लग्न होऊन सांगलीहून आली होती, तेव्हा तिच्यापुरतं ते खरं होतं.

हे आधी सांगायचं कारण असं की या खोलीपायी माझ्या भावाचा खटला जवळजवळ हातचा गेला होता.

भाऊ माझ्याहून बराच धाकटा. कॉलेज संपल्यावर तो खिदिरपूरला, बंदरावर उतरलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका फर्ममध्ये लागला. पुढे इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली म्हणून गेला, तिथेच जन्मलेल्या एका गुजराती मुलीशी लग्न केलं आणि तिकडचा झाला. तो गेल्यानंतर काही वर्षांनी इथे त्या फर्मवर खटला उभा राहिला. माल एक आणि कागदावर दुसराच, असा आरोप होता. मालक तोवर वारले होते आणि कागदांवर सह्या माझ्या भावाच्या होत्या. तो म्हणतो, मालक पुढे सरकवतील त्यावर मी सही करायचो. यावर तुझा विश्वास आहे का, असं मैत्रिणी मला आडून आडून विचारतात. मी त्याला जन्मापासून ओळखते. तो आळशी आहे, लबाड नाही, आणि आळशी माणूस न वाचता सही करतो. पण हे बहिणीचं मत झालं, आणि बहिणीचं मत कुठलंच कोर्ट विचारत नाही.

एके दिवशी सकाळी मुलीला शाळेच्या गाडीत बसवून तो घरात शिरत असताना तिकडच्या पोलिसांनी त्याला धरलं. भारत सरकारने त्याला मागितलं होतं. प्रत्यार्पण हा शब्द तोवर मी फक्त बातम्यांत ऐकला होता, तोही बँका बुडवून पळालेल्या बड्या लोकांच्या बाबतीत. आमच्यासारख्या, लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा परत करताना ओशाळणाऱ्या घरात तो शब्द शिरला तेव्हा मला प्रथम शरम वाटली आणि मग शरम वाटल्याचा राग आला. भावाला जामीन मिळाला, पण पासपोर्ट गेला आणि पायात एक पट्टा आला. रात्री तो घराबाहेर पडला तर त्या पट्ट्यामुळे पोलिसांना कळायचं. त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे पाटासमोर फोन उभा करून त्याला ओवाळलं. तोही तिकडे नेहमीप्रमाणे जमिनीवर मांडी घालून बसला आणि पायजम्याखालून तो काळा पट्टा दिसला. आई माझ्या मागून वाकून बघत होती. "घड्याळ पायात का बांधलंय याने?" तिने विचारलं. भाऊ हसला. मला हसता आलं नाही.

त्याची वकीलबाई शांत होती. एकदा तिने मलाही व्हिडिओवर बोलावून सगळं समजावून सांगितलं. बचावाचे मुद्दे बरेच होते, पण सगळ्यात भक्कम हा की माणसाला आपल्या कुटुंबात राहण्याचा हक्क आहे. त्याला भारतात पाठवलं तर तो हक्क मोडणार, आणि तो मोडण्याइतका गुन्हा मोठा आहे का, हे जज तोलणार. ती म्हणाली, नुसतं बायको-मुलं आहेत म्हणून भागत नाही, कारण बायको-मुलं सगळ्यांनाच असतात. मुलीचं वेगळेपण मांडावं लागेल.

माझी भाची वेगळी आहे हे खरंच. ती स्वमग्न आहे, बोलत नाही. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर बदलला तरी तिचं जेवण तुटतं. ती फक्त बापाच्या हातून जेवते, आणि तेही एकाच पद्धतीने. वरणभाताचे छोटे छोटे घास ताटलीच्या कडेने गोल लावायचे. ती बोटाने एकेकाला शिवते आणि मग तोंड उघडते. ही पद्धत भावाने आईकडून उचलली होती, कारण आईने त्याला असंच भरवलं होतं. मला नाही भरवलं तसं. मी मुकाट्याने जेवायचे.

"आणि आमची आई?" मी वकीलबाईंना विचारलं. "ती नाही का त्याच्या कुटुंबात?"

त्यांनी अगदी सौम्यपणे सांगितलं की सज्ञान मुलगा आणि त्याची आई यांच्यात नेहमीच्या मायेपेक्षा जास्त काही असल्याशिवाय कायदा त्याला कौटुंबिक आयुष्य मानत नाही. नेहमीची माया. हे मी आईला सांगितलं नाही.

आई गणिताची मास्तरीण. इथल्या एका मुलींच्या इंग्रजी शाळेत तिची हयात गेली, आणि अजूनही रस्त्यात पोक्त बायका तिला पाहून दचकतात. कुठलीही गोष्ट ती पायऱ्या मांडून सोडवते. ही गोष्टही तिने एका दुपारी तशीच सोडवली.

"तो जिंकला तर इकडे येईल?"

"नाही. इथलं वॉरंट तसंच राहणार. विमानतळावर उतरला की धरतील."

"मी तर तिकडे जाऊ शकत नाही." हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिचा लांबचा विमानप्रवास बंद केला होता. बाकी ती टुणटुणीत होती, निदान मला तसं वाटायचं. "आणि तो हरला तर?"

"तर आणतील त्याला."

"म्हणजे हरला तर येईल," आई म्हणाली.

ती मुलाचं वाईट चिंतत नव्हती, फक्त उत्तर काढत होती. पण ते काढून झाल्यावर तिने ते पुसलं नाही. दोन-चार दिवसांनी तिने मला सहज विचारल्यासारखं विचारलं की कच्च्या कैद्याला घरचा डबा चालतो का. मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, "नुसतं विचारलं." त्याच आठवड्यात तिने बदलीवाल्यांच्या खोलीला नवे पडदे केले. खिडकीला जाळी बसवून घेतली, कारण लहान मूल गजांतून हात बाहेर काढतं. गडियाहाटच्या बाजारातून एक बुटकं टेबल आणि खुर्ची आली. मी ते सगळं पाहत होते. शेजारच्या बाईंनी जिन्यात मला विचारलं, "माशीमार छेले आशछे बुझी?" माशीमांचा, म्हणजे मावशींचा, मुलगा येतोय वाटतं? मी नाही म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्यानंतरची गोष्ट त्या व्हिडिओ कॉलची. मुलीची परिस्थिती पाहून कोर्टाला अहवाल द्यायला भावाच्या वकिलांनी एक सोशल वर्कर नेमली होती. ती नेमलेली आमच्या बाजूने असली तरी बांधलेली कोर्टाला. ऐकेल ते तिला लिहावंच लागणार. तिला आजीशीही बोलायचं होतं. आईने इस्त्रीची तांताची सुती साडी नेसली आणि शाळेच्या तपासणीला बसावं तशी ती ताठ बसली. तिचं इंग्रजी माझ्याहून चांगलं, त्यामुळे दुभाष्याची गरज नव्हती. मला बाजूला, फोनच्या आड बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

बाई प्रेमळ होती. तिने इकडचं तिकडचं विचारलं, भावाच्या लहानपणाबद्दल विचारलं आणि मग सावकाश मुद्द्यावर आली. तुमच्या मुलाला भारतात यावं लागलं आणि सून आणि नातही त्याच्या मागोमाग आल्या, तर त्यांचं काय होईल असं तुम्हाला वाटतं?

बरोबर उत्तर काय ते मला ठाऊक होतं. त्यांचे हाल होतील, मुलगी कोलमडेल, माझ्याच्याने काही होणार नाही. आईलाही ठाऊक असेल असं मी धरून चालले होते. इतक्या हुशार बाईला हे सांगावं लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

"काय होईल म्हणजे?" आई इंग्रजीत म्हणाली. "इथे राहतील. खोली आहे."

आणि ती फोन घेऊन उठली. मी हातवारे करत तिच्या मागून चालले, पण ती बघेल तर ना. तिने त्या बाईला खोली दाखवली, पडदे दाखवले, जाळी दाखवली, टेबल-खुर्ची दाखवली. ट्रामच्या रस्त्यापासून खोली आत आहे, त्यामुळे आवाजाचा त्रास होणार नाही, हेही सांगितलं. घास कसे लावायचे ते मला माहीत आहे, बापाला मीच भरवलंय, म्हणाली. शेवटी तिने ते वाक्य म्हटलं, जे वडील असते तर त्यांनीही म्हटलं असतं: आमच्या घरात आपल्या माणसाला नाही म्हणायची रीत नाही.

फोन ठेवल्यावर तिचा चेहरा फुलला होता. "बरं झालं ना?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

अहवाल आला आणि भारताच्या बाजूच्या वकिलांनी तो उचलला. आजी सुशिक्षित आहे, निवृत्त शिक्षिका आहे, हिंडती-फिरती आहे, आनंदाने सांभाळायला तयार आहे. मोठ्या शहरात स्वतंत्र खोली आहे. मग बापाला पाठवल्याने मुलीचं एवढं काय बिघडतं? बाप कोठडीत असेल तेव्हा आई-आजी आहेतच. भावाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चिरकला होता.

"ताई, तिला खोली दाखवायला सांगितलं कुणी?"

"बाबांनी," मी म्हणाले.

मग त्याने वकीलबाईंचं म्हणणं सांगितलं. आईला हे झेपणार नाही, असं डॉक्टरांकडून लिहून हवं होतं. नुसतं वय सांगून चालणार नव्हतं, ठोस काहीतरी हवं होतं. "तिला नेहमीची तपासणी आहे म्हणून ने," तो म्हणाला.

माझा तिथे स्फोट झाला. मी त्याला म्हटलं, तू तिथे बसून सांगतोस, तुला तुझं कौटुंबिक आयुष्य वाचवायचंय, वाचव. पण इथे आम्ही दोघी एका छताखाली राहतो, एका टेबलावर जेवतो, याला काय म्हणायचं? हे कुठल्या कलमात बसतं? तिला फसवून दवाखान्यात नेऊन ती निकामी आहे असं लिहून आणू, आणि परत तिच्यासोबत जेवायला बसू? तो रडायला लागला. त्याच्या मागे मुलीचा घुमल्यासारखा आवाज येत होता. ती अस्वस्थ झाली की तसा आवाज काढते. मी म्हणाले, आधी तिला बघ, आईचं मी बघते.

मी आईला सरळ सांगितलं. ती मटार सोलत बसली होती. मी सांगत होते तोवर तिने हात थांबवला नाही.

"म्हणजे माझ्या बोलण्याने त्याचं नुकसान झालं," ती म्हणाली.

"तू मुद्दाम नाही केलंस."

"मुद्दाम नाही. पण मनात तेच होतं." ती थोडा वेळ शेंगा फोडत राहिली. "आता डॉक्टरने लिहायचं की मला जमणार नाही. मग तो सुटेल."

"कदाचित."

"आणि येणार नाही."

तिच्या उत्तरात काही चूक नव्हती.

"पोरीला सवय झाली असती गं हळूहळू," ती म्हणाली. "किती पोरं आली या घरात. पहिले चार दिवस सगळीच रडतात."

"ती पोरं रडायची, आई. ही रडत नाही. ही भिंतीवर डोकं आपटते."

हे तिला माहीत नव्हतं. भावाने तिला कधी सांगितलं नव्हतं. मलाही भावजयीने एकदा, बोलता बोलता, रडत सांगितलं होतं. आईने मटारची टरफलं ताटातून गोळा केली, दाणे वेगळे केले, पदराला हात पुसले. "उद्याची वेळ घे," ती म्हणाली.

डॉक्टर आमचे जुने, पाड्यातलेच, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले. मी त्यांना आधी फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी हवं तितकं कडक लिहून द्यायची तयारीही दाखवली होती. माझ्या मनाने घेतलं होतं की थोडं वाढवून लिहावं लागणार. आई खुर्चीवर बसली तसे ते हसून म्हणाले, "माशीमा तो एकदम फिट."

"वाढवून काही लिहायचं नाही," आई त्यांना इंग्रजीत म्हणाली. "मी सांगते तेवढंच लिहा."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. बाथरूममध्ये ती पडली होती, एकदा नाही, बऱ्याचदा. तिने लांब बाहीच्या ब्लाउजची बाही वर केली. कोपरापासून वर काळंनिळं झालं होतं, जुनं आणि नवं. उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या का, असं मी तिला चिडवलं होतं आणि ती म्हणाली होती, फॅशन. जिना चढताना छातीत दाटून येतं, म्हणून ती मधल्या वळणावर बसते आणि कुणी आलं तर चपलेचा पट्टा नीट करते असं दाखवते. गॅस चालू राहतो. मी कॉलेजात शिकवायला गेल्यावर दोनदा शेजारच्या बाईंनी येऊन बंद केला, आणि मला सांगू नका म्हणून तिनेच त्यांना शपथ घातली होती. सुईत दोरा ओवता येत नाही, पडदे बाहेरून शिवून आणले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पाढे म्हणत असते मी सकाळी. सतराचा अडतो. मधेच अडतो आणि मग पुढचं काही सापडत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. आईने बोटाने कागदाकडे दाखवलं. "लिहा," ती म्हणाली. चाळीस पोरींच्या वर्गाला म्हणायची तशी.

परतताना टॅक्सीत मी खिडकीबाहेर बघत होते. मला राग आला होता आणि रागाच्या तळाशी निव्वळ भीती होती. रोज तिच्या समोर बसून जेवणारी मी, मला काहीच दिसलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कॉलेज सोडून घरी बसली असतीस."

"बसले असते."

"आणि ती खोली बंद केली असतीस," आई म्हणाली. "म्हटली असतीस, आता कुणी नको. मग तो आला असता तर?"

आम्ही घराशी उतरलो. जिन्याच्या वळणावर ती थांबली. या वेळी चपलेला हात न लावता, सरळ पायरीवर बसली. मीही तिच्या शेजारी बसले. वरून उतरणाऱ्या शेजारच्या बाईंना जायला आम्ही वाट करून दिली.

डॉक्टरांचं पत्र गेलं. तिकडे सुनावणी झाली, मग निकालासाठी तारखा पडत राहिल्या. त्या काळात आई त्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. कामवाली बाई झाडायला आत गेली की ही बाहेरून म्हणायची, टेबल पुसून घे.

निकालाच्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला. "सुटलो, ताई," एवढंच त्याला म्हणता आलं. मी फोन आईकडे दिला. "छान," ती म्हणाली. "पोरगी जेवली का?" मग तिने ऐकून घेतलं, हूं हूं म्हणत राहिली आणि फोन मला परत दिला. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. सुटकेचं होतं की कशाचं, ते मला वेगळं काढता आलं नाही.

आईने निकाल छापून मागितला. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळा गठ्ठा छापून आणला. तिने चष्मा पुसला, लाल पेन्सिल घेतली आणि वाचायला बसली. पेपर तपासायची सवय. तिच्याबद्दलचा परिच्छेद बराच पुढे होता. आजीच्या मायेबद्दल आणि तयारीबद्दल कोर्टाला जराही शंका नाही, असं जजने लिहिलं होतं. पण तिचं वय आणि प्रकृती पाहता, या मुलीला जितका काळ आधाराची गरज लागणार तितका काळ आजी असेल असं धरून चालता येणार नाही. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. मला ते पान ओढून घ्यावंसं वाटलं.

आईने समासात टिक केली. "पायऱ्या बरोबर लिहिल्यात," ती म्हणाली. "नुसतं उत्तर लिहून भागत नाही."

दोन पानं पुढे ते दुसरं वाक्य होतं, मी तिच्यापासून लपवलेलं. सज्ञान मुलगा, आई, नेहमीची माया. तिने ते वाचलं, परत वाचलं, आणि त्याच्याखाली रेघ मारली. टिक केली नाही, काट मारली नाही. "नेहमीची म्हणजे किती गं?" तिने विचारलं. उत्तरासाठी तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि मग पान उलटलं.

सरकारने अपील केलं नाही. भावाच्या पायातला पट्टा निघाला. तो आता त्या देशातून बाहेर पडू शकत नाही, कारण कुठेही उतरला तरी त्याला पुन्हा धरण्याची भीती आहे. आई या शहरातून बाहेर पडू शकत नाही. त्यांची भेट आता होणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी ते बोलत नाही. रविवारी फोन असतो. भाची कधीकधी पडद्यावर बोट लावते. आई तिच्या बोटावर आपलं बोट ठेवते.

पुढच्या बदल्यांच्या हंगामात इथल्या मराठी मंडळातून फोन आला. नाशिकहून बँकेतलं एक जोडपं आलंय, लहान मुलगी आहे, हॉटेलात राहिलेत, मुलीचं पोट बिघडलंय. आईने मला न विचारता "विचारता काय, पाठवा" म्हटलं. मी तणतणले. तुला झेपणार नाही, हे तू कोर्टात लिहून दिलंयस, म्हटलं. "तू आहेस ना," ती म्हणाली. मी दोन दिवस कॉलेजातून रजा घेतली. दुसरं काय करणार?

ती माणसं आली. कुकर, बरण्या आणि किरकिरं पोर घेऊन. मुलीने बुटकी खुर्ची पाहिली आणि कुणी न सांगता तिच्यावर बसली. संध्याकाळी ती जेवेना. तिची आई रडकुंडीला आली तेव्हा माझी आई उठून, भिंतीला धरत धरत, ताट घेऊन मुलीसमोर जाऊन बसली आणि वरणभाताचे घास ताटाच्या कडेने लावू लागली. घास वेडेवाकडे होत होते. मुलगी बघत राहिली.

तिच्या आईचं लक्ष भिंतीवरच्या भावाच्या फोटोकडे गेलं. "मुलगा का तुमचा, आजी? येतात का मधूनमधून?"

"नाही येत," आई घास लावत म्हणाली. "त्याचं बिऱ्हाड तिकडे आहे. कोर्टाने तसं लिहूनच दिलंय मला."

ती बाई हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. आईही हसली, आणि ताटाच्या कडेला आणखी एक घास लावला.